एका बरणीत दोन गावं

“बाई, हे काय केलंत?”

पवार सिंकजवळ उभे होते. त्यांच्या हातात दोन रिकाम्या बरण्या होत्या आणि माझ्या हातात तिसरी, भरलेली. त्या भरलेल्या बरणीवर मी दोन लेबलं शेजारीशेजारी चिकटवत होते आणि स्वतःवर खूश होते.

“स्पिरिट वाचवलं,” मी म्हणाले. “दोन्ही बरण्यांमधलं खाली उतरलं होतं. आता सगळे खेकडे नीट बुडाले, बघा.”

पवारांनी बरणी घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली. आत तीस खेकडे होते. स्पिरिटमध्ये महिनोन्‌महिने राहिल्यावर खेकड्याचा मूळ रंग जातो. सगळे सारखेच, फिकट विटकरी.

“माझं गाव आणि माझी सासुरवाडी,” ते म्हणाले, “एकाच घरात नांदवलीत तुम्ही.”

मी हसले. ते हसले नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली.

ही गोष्ट संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांतली आहे. मी एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात डेमॉन्स्ट्रेटर होते. प्रॅक्टिकलच्या वेळी मुलांना बेडूक कसा उघडायचा ते दाखवायचं, जर्नल तपासायची, आणि उरलेल्या वेळात स्वतःची एम.एस्सी. करायची. आडनाव धैर्यवान, स्वभाव अगदी उलट. ठाकुरद्वारला आमचं जुनं बिऱ्हाड होतं. आजोबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, वडील बँकेत. मुलीने प्राणी कापण्याची नोकरी धरली याचं घरात कोणाला फार कौतुक नव्हतं.

भिकाजी पवार आमच्या विभागात लॅब अटेंडंट होते. कॉलेजच्या पगारपत्रकात त्यांच्या नावापुढे ‘हमाल’ लिहिलेलं असे. राहायला डिलाईल रोडच्या चाळीत. वडील आणि थोरले भाऊ गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे मागांवर. हे सातवीपर्यंत रात्रशाळेत शिकले आणि काचेच्या बरण्यांच्या कामाला लागले. विभागातल्या पाचशेहून जास्त बरण्यांपैकी कुठली कुठल्या फळीवर आहे हे एकट्या पवारांना माहीत असे. या गोष्टीनंतर काही महिन्यांनी त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर त्यांच्यात मला जाणवलेला बदल एवढाच, की कोणी ‘ए पवार’ म्हणून हाक मारली की ते आधी हातातलं काम पुरं करायचे आणि मग वळायचे.

गेल्या महिन्यात पवार गेले. म्हणून हे लिहायला बसले आहे. मला भरभर लिहिता येत नाही, आणि या विषयावर तर नाहीच.

आता बरण्या एकत्र का केल्या ते सांगते. दारूबंदीचे दिवस होते. प्राणी टिकवायला लागतं ते रेक्टिफाइड स्पिरिट म्हणजे जवळजवळ शुद्ध अल्कोहोलच. त्याला सरकारी परमिट लागायचं. वर्षाचा कोटा ठरलेला असे. दारूबंदी खात्याचा इन्स्पेक्टर येऊन रजिस्टर तपासायचा, कधी एखाद्या बरणीचं झाकण काढून वासही घ्यायचा. आत तरंगणारा साप बघितला की लगेच झाकण लावायचा. त्या वर्षी हरताळ, मोर्चे, गोळीबार, संचारबंदी यांत आमचा कॅन दोन महिने अडकला होता. बरण्यांमधलं स्पिरिट उडत चाललं होतं. वरचे खेकडे उघडे पडायला लागले होते. उघडा पडलेला खेकडा वाळतो, त्याचे पाय गळतात. त्या दिवशीही हरताळ होता. मी ठाकुरद्वारहून चालत कॉलेजात आले होते आणि पवार डिलाईल रोडहून. वर्ग नव्हते. हाताशी वेळ होता. म्हणून मी काटकसर केली.

ती करताना मला काही वाटलं नाही, कारण माझ्या मते ते खेकडे एकच होते. माझा प्रबंध घाटातल्या गोड्या पाण्याच्या खेकड्यांवर होता. खेकडे आणले होते पवारांनी. एकदा रजा काढून ते गावी गेले होते. त्यांचं गाव घाटमाथ्यावर, पूर्वेकडे उतरणाऱ्या एका ओढ्याकाठी. सासुरवाडी त्याच डोंगराच्या पश्चिमेला, खाली कोकणात. दोन्हीकडचे खेकडे त्यांनी वेगवेगळ्या डब्यांत घालून एस.टी.ने मुंबईला आणले. डब्यावर बसून आले, असं ते सांगायचे. मी दोन वर्षं त्यांची कवचं मोजली. रुंदी, लांबी, उंची. आकडे एकमेकांत मिसळत होते. आमच्याकडे जे मोठं इंग्रजी पुस्तक होतं त्यात त्या अख्ख्या डोंगररांगेतल्या अशा खेकड्यांना एकच नाव दिलं होतं. मीही तेच नाव लिहिलं होतं.

“पुस्तकात एकच नाव आहे, पवार.”

“पुस्तकवाला आला होता का आमच्या गावी?”

“म्हणजे तुम्हाला वेगळे वाटतात?”

“मला काय विचारता? आमच्या घरात लग्न झाल्यापासून हे भांडण चालू आहे. बायको म्हणते तिच्याकडचा खेकडा गोड, आई म्हणते आमच्याकडचा. एकच असता तर भांडायचं काय कारण होतं?”

मी ते हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी हेड ऑफ द डिपार्टमेंट डॉ. सबनीस आले. उंच, कोरडे गृहस्थ. कुठलीही गोष्ट दोनदा सांगायची नाही आणि एकदा सांगताना आवाज चढवायचा नाही, अशी त्यांची पद्धत होती. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझा प्रबंध होता, आणि एक नवीन जर्नल.

“मिस धैर्यवान, तुम्ही कवचं मोजलीत. कवच बघून खेकडा ओळखत नाहीत. नराची पहिली कांडी बघतात. घाटावरचा नर आणि कोकणातला नर, दोघांची ड्रॉइंग मला शेजारीशेजारी हवीत. त्याशिवाय मी सही करणार नाही.”

ही कांडी म्हणजे काय ते सांगायला हवं. नर खेकड्याच्या पोटाखालची झडप उघडली की आत दोन जोड्या बारीक, टणक काड्या असतात. मीलनाच्या वेळी लागणारा अवयव. त्याला मराठीत काय म्हणायचं याची मला फार अडचण होती, विशेषतः पवारांसमोर. शेवटी त्यांनीच गिरणीतला शब्द सुचवला होता. भावाच्या साच्यावर सूत गुंडाळलेली असते ती कांडी, तशीच दिसते म्हणाले. सरांनीही तो शब्द उचलला होता. या कांडीच्या टोकाचा आकार किल्लीसारखा असतो. किल्ली बदलली की कुलूप उघडत नाही. म्हणून दोन खेकडे बाहेरून कितीही सारखे दिसले तरी टोकं वेगळी असतील तर ते बहुधा एकमेकांत प्रजनन करत नाहीत. आणि ज्यांच्यात प्रजनन होत नाही त्या दोन वेगळ्या स्पीशीज.

मी सरांसमोर उभी होते. घाटावरचा नर आणि कोकणातला नर आता एका बरणीत होते. कोणता कुठला, हे बरणीवरची दोन लेबलं सांगू शकत नव्हती. आमच्या कामात प्राण्याइतकीच त्याची चिठ्ठी महत्त्वाची. कुठे सापडला हे माहीत नसलेला प्राणी म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट. माझी दोन वर्षं त्या बरणीत होती.

मी सांगून टाकलं. सरांनी जर्नल मिटलं.

“रजिस्टरमध्ये किती नोंदले होते? इकडचे किती, तिकडचे किती?”

“‘खेकडे, दोन बरण्या’ एवढंच आहे, सर.”

“छान. मग फर्स्ट इयरला डिसेक्शनसाठी द्या ते.”

“दुसरे आणू, सर. पवार पुन्हा जातील.”

पवार दारात होते. सरांचा चहा घेऊन आले होते. “सासुरवाडीचे पावसात आणीन,” ते म्हणाले. “गावचे नाही मिळणार.”

“का?”

“आता उन्हाळा, खेकडे बिळात खोल गेलेत. पावसाशिवाय वर येत नाहीत. आणि पावसात तिथे कोण असणार? गाव उठतंय. धरण येतंय ना खाली. आईने घराचे वासे काढून आणलेत. पुढे ओढाच राहणार नाही.”

हे मला माहीत नव्हतं. दोन वर्षं मी त्या गावचे खेकडे मोजत होते आणि ते गाव पाण्याखाली जाणार आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मी विचारलं नव्हतं. प्रबंध द्यायची मुदत पावसाळ्याच्या आधीची होती, पण त्या क्षणी मला मुदतीचं काही वाटलं नाही. त्या ओढ्यातले जगात कुठेही ठेवलेले खेकडे फक्त आमच्या बरणीत होते, आणि मी ते कुठले हेच पुसून टाकलं होतं.

पवारांनी चहा टेबलावर ठेवला. “सर, मी वेगळे करून देतो.”

“कसे?”

“हाताने.”

सरांनी चष्मा काढला. “पवार, दोन वर्षं मोजून बाईंना फरक सापडला नाही. तू हाताने काढणार?”

“बाईंनी मेलेले मोजले, सर. मी जिवंत धरलेत. बिळात हात घातला की दिसत काही नाही. पाठीवर अंगठा ठेवून मागून धरायचा असतो. अंगठा चुकला की बोट गेलं. आमच्याकडच्याची पाठ मागच्या बाजूला चपटी लागते. सासऱ्यांकडचा तिथे फुगीर. लग्नानंतर पहिल्यांदा तिकडे खेकडे धरायला गेलो तर चावला मला. अंगठा आमच्या गावच्यासारखा ठेवला होता.” त्यांनी डाव्या हाताचं बोट दाखवलं. पेराजवळ जुना व्रण होता. “मेहुणे अजून हसतात.”

सर त्या बोटाकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, “ह्या दोन गावांत किती अंतर आहे?”

मी पवारांकडे बघितलं. “घाटवाटेने तीन तास,” ते म्हणाले. “वरात गेली होती आमची, वाजतगाजत.”

“आणि पाण्याच्या वाटेने?”

सरांनी मला भिंतीवरच्या नकाशाजवळ बोलावलं. त्यांनी मला शिकवलेला सगळ्यात चांगला धडा तो, पाच मिनिटांचा. डोंगराच्या धारेवर पडलेला पाऊस दोन वाटांनी जातो. पश्चिमेला पडलेला थेंब एका दिवसात अरबी समुद्रात. चार पावलं पूर्वेला पडलेला थेंब कृष्णेबरोबर अख्खं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात. गोड्या पाण्याच्या खेकड्याला खारं पाणी सोसत नाही. आमच्या घरी खाल्ली जाते ती समुद्रातली चिंबोरी लाखो अंडी सोडते. तिची पिल्लं डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक असतात आणि लाटांबरोबर कुठल्या कुठे जातात. ओढ्यातल्या खेकडीच्या अंड्यातून सरळ छोटा खेकडा बाहेर येतो. तो काही दिवस आईच्या पोटाखालच्या झडपेत राहतो आणि मग तिथेच उतरतो, त्याच ओढ्यात. पावसात थोडा इकडेतिकडे चालतो, पण कडा उतरून पलीकडच्या खोऱ्यात जात नाही. माणसाला तीन तास. खेकड्याला ती वाटच नाही.

“अशी लाखो वर्षं गेली,” सर म्हणाले. “इकडे एक बारीक बदल झाला, तिकडे दुसरा. देवाणघेवाण नाही. तर काय होईल?”

“सोयरीक तुटेल,” पवार म्हणाले.

सरांनी वळून बघितलं. “आणि मग एके दिवशी समोरासमोर आणलं तरी जमणार नाही. बरोबर.” ते जवळजवळ हसले. “मुंबई महाराष्ट्राबाहेर ठेवायची म्हणतात. ठेवली तर काय, हजारो वर्षांनी मुंबईकर ही वेगळीच स्पीशीज.”

“हजारो वर्षं कशाला, सर,” पवार म्हणाले. “मधे डोंगर नाही, कडा नाही, तरी आमच्याशी सोयरीक करत नाहीत लोक. आणि तरी आम्ही वेगळे झालो नाही. माणसाचं काही खेकड्यासारखं नाही.”

ते रागाने बोलले नव्हते. सहज बोलले, उरलेल्या चहाचा ट्रे उचलत. आमच्या घरातही पवारांना पाणी कुठल्या भांड्यात दिलं गेलं असतं हे मला माहीत होतं.

“उद्या करू,” सर म्हणाले. “पण माझ्या पद्धतीने.”

सरांची पद्धत अशी होती. प्रत्येक खेकड्याच्या पायाला सूत बांधून पुठ्ठ्याचा नंबर लावायचा. एक ते तीस. पवारांनी वाटणी करायची. ती सरांनी एका कागदावर लिहून घ्यायची आणि कागद ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवायचा. मी तो बघायचा नाही. मी फक्त नर काढायचे, त्यांच्या कांड्या मायक्रोस्कोपखाली ठेवून ड्रॉइंग करायची आणि टोकं बघून स्वतःचे दोन गठ्ठे करायचे. मग दोन्ही ताडून बघायचं. पवारांचा हात आणि माझा डोळा स्वतंत्रपणे एकाच उत्तराला आले तर सर मान्य करणार. नाहीतर डिसेक्शन.

दुसऱ्या दिवशी लांब टेबलावर दोन ट्रे मांडले. सरांनी खिशातून स्वतःचा धुतलेला रुमाल काढला.

“डोळे बांधा.”

“मिटतो ना, सर.”

“पवार, तुमच्यावर विश्वास आहे. शास्त्राचा नाही.”

त्यांनी पवारांना ‘तुम्ही’ म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. बहुधा त्यांच्याही लक्षात आलं नसावं. पवारांच्या आलं. रुमाल बांधताना त्यांनी मान जरा ताठ धरली.

मी एकेक खेकडा त्यांच्या हातात देत होते. त्यांचा अंगठा पाठीवर मागे सरकायचा, क्षणभर थांबायचा. “गाव.” “सासरे.” “सासरे.” “गाव.” सर लिहीत होते. मी ऐकू नये म्हणून पवारांनी सरांच्या कानाशी सांगावं असं ठरलं होतं, पण दोन खेकड्यांतच सर कंटाळले आणि मला म्हणाले, “तुम्ही नंबर बघू नका म्हणजे झालं.” मी खिडकीबाहेर बघत खेकडे देत राहिले. खाली रस्त्यावरून घोषणा देत माणसं जात होती. वर आमचं “गाव, सासरे” चाललं होतं.

बाविसाव्या की तेविसाव्या खेकड्याला पवार थांबले. परत अंगठा फिरवला. मग दुसऱ्या हातात घेतला.

“हा कळत नाही.”

“नीट बघा,” मी म्हणाले.

“बघितला. लहान आहे. मादी असणार. हा मी सांगू शकत नाही.”

“अंदाजाने?”

“अंदाजाने नाही, बाई.”

सरांनी पेन खाली ठेवलं. “तिसरा ट्रे आणा,” ते म्हणाले. मला वाटतं, सरांची खात्री त्याच वेळी पटली. पुढचं सगळं त्यांनी माझ्यासाठी केलं.

सरांनी सगळे खेकडे पुन्हा एका ट्रेमध्ये मिसळून मला दिले. नर निघाले सोळा. दोन दिवस मी मायक्रोस्कोपवर बसले. एवढा वेळ मी या प्राण्यांकडे कधी बघितलंच नव्हतं. मोजलं होतं फक्त. पाचव्या-सहाव्या कांडीपासून मला दिसायला लागलं. काहींचं टोक बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं, काहींचं आतल्या. मधलं काही नव्हतं. प्रत्येक खेकड्याची डावी कांडी काढायची, असं ठरवून मी ड्रॉइंग केली आणि दोन गठ्ठे केले. एकात आठ, दुसऱ्यातही आठ. माझ्या टेबलाच्या खणात एक सुटा नर होता. आधी कधीतरी ड्रॉइंग शिकायला म्हणून काढलेला, पवारांच्या गावचा, गुंडाळलेल्या कागदावर तसं लिहिलेला. तो नशिबानेच बरणीत गेला नव्हता. त्याचं टोक बाहेर वळलेलं होतं. म्हणजे कुठला गठ्ठा कुठला, तेही कळलं.

सरांनी कागद काढला. ते नंबर वाचत होते, मी ड्रॉइंग उलटत होते. पवार दाराला टेकून उभे होते. नंबर जुळत गेले. चार, सात, नऊ, अकरा. मग सर म्हणाले, “बारा. पवारांच्या मते गाव.”

माझ्या हातातलं ड्रॉइंग आत वळलेलं होतं.

मी परत बघितलं. आतच. सरांनी कागद माझ्याकडे फिरवला. पुढचे सगळे जुळले, फक्त बारा नंबर नाही. एक चूक म्हणजे थोडीच चूक, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पण पवारांचा हात एका नरात चुकला असेल तर माद्यांमध्ये किती चुकला असेल, कोणास ठाऊक. आणि आत वळलेलं टोक गावच्या खेकड्यातही सापडत असेल तर फरक कसला?

“पवार?” सर म्हणाले.

पवार टेबलाजवळ आले. त्यांनी ट्रेमधून बारा नंबर उचलला, अंगठा ठेवला. “गावचाच,” ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, हळू आवाजात, “बाई, तुम्ही परत बघा.”

घाईत मला स्लाइड नीट लावता येईना. त्यांनी लावून दिली. मी बघितलं आणि माझी चूक मला कळली. बारा नंबरची डावी कांडी मोडलेली होती. म्हणून मी उजवी काढली होती आणि तसं लिहायला विसरले होते. डाव्या-उजव्या चपलेसारखं ते; उजवीचं बाहेर म्हणजे कागदावर डावीचं आत. टोक बाहेरच वळलेलं होतं. पवारांच्या गावचा खेकडा.

“तुमच्या दोन चुका झाल्या, मिस धैर्यवान. एक बरणीत, एक कागदावर,” सर म्हणाले. “त्यांची एकही नाही. शून्य आणि एक ‘माहीत नाही’.” मग त्यांनी रुमालाची घडी घालून खिशात ठेवली आणि माझ्या प्रबंधावर सही केली नाही. “निष्कर्षाचं प्रकरण पुन्हा लिहा,” म्हणाले. “मग करीन.”

मी लिहिलं. सोळा नरांवरच लिहिलं. माद्यांचा पुरावा म्हणून फक्त अंगठा होता आणि तो परीक्षकांना पाठवता येत नव्हता. नमुने कोणी गोळा केले आणि कोणी वेगळे केले, हे पहिल्याच पानावर पवारांच्या पूर्ण नावाने घातलं. सरांनी ते वाचलं आणि खोडलं नाही. प्रबंध मंजूर झाला.

दोन्हीकडचे थोडे नर सरांनी कलकत्त्याच्या एका तज्ज्ञांकडे पाठवले. उत्तर यायला वर्ष लागलं. कोकणातला खेकडा पुस्तकातलाच. घाटावरचा वेगळी स्पीशीज असावी असं वाटतं. नाव देण्यापूर्वी कृपया त्याच ठिकाणचे आणखी नमुने पाठवावेत. पाठवलेले नर पत्रासोबत परत आले होते.

मी ते पत्र पवारांना वाचून दाखवलं. त्यांनी बरणी पुसता पुसता ऐकलं.

“आणखी नमुने,” ते म्हणाले. “बोटीतून गळ टाकायला हवा आता.”

पाणी चढलं होतं. त्यांची आई डिलाईल रोडच्या खोलीत राहायला आली होती आणि सुनेशी खेकड्यावरून भांडायला तिला आता काही उरलं नव्हतं. बाजारात मिळायचे ते सगळे सुनेच्या बाजूचे. म्हातारी ते खायची आणि पाणचट आहेत म्हणायची.

पुढे पवारांना लॅब असिस्टंटची जागा मिळाली. संयुक्त महाराष्ट्र झाला. सर रिटायर झाले, मग मी झाले. त्या खेकड्याला नाव द्यायचं राहिलं ते राहिलंच. आसपासच्या दुसऱ्या ओढ्यांत तो सापडेल म्हणून मी दोनदा जाऊन आले. पवारही बरोबर होते. सापडला नाही, किंवा आम्हाला मिळाला नाही. दोन्हींत फरक आहे, तो पवारांनीच मला शिकवला.

गेल्या महिन्यात डिलाईल रोडला गेले तेव्हा त्यांची मुलगी सुजाता भेटली. म्युनिसिपल शाळेत शिकवते. बोलता बोलता म्हणाली, “बाई, गावचं आमच्याकडे काहीच नाही हो. आजी गेली, आता बाबा गेले. एक फोटोसुद्धा नाही. आम्ही कुठले, असं मुलं विचारतात.”

मी तिला कॉलेजात घेऊन गेले. आता तिथे माझी विद्यार्थिनी हेड आहे. तिने कपाट उघडून दिलं. तीन बरण्या शेजारीशेजारी होत्या. सुजाताने पहिली उजेडात धरली, अगदी तिच्या वडिलांसारखी. आत खेकड्यांच्या मधे जाड कागदाची चिठ्ठी उभी होती. बरण्या वेगळ्या केल्या त्याच दिवशी पवारांनी लिहून आत सोडलेली. त्यांचं रात्रशाळेतलं, प्रत्येक अक्षर सुटं काढलेलं हस्ताक्षर. गावाचं नाव, ओढ्याचं नाव, तालुका. खाली, ‘धरले – भि. पवार’. प्राण्याच्या नावाची जागा कोरी. तिसऱ्या बरणीत एकच लहान खेकडी आणि चिठ्ठीवर दोन शब्द: ‘माहीत नाही’.

सुजाताने गावाचं नाव दोनदा वाचलं. ओढ्यालाही नाव होतं हे तिला माहीत नव्हतं. तिने ते वहीत उतरवून घेतलं.

पहिल्या बरणीतलं स्पिरिट थोडं उतरलं होतं. मी वर घातलं आणि रजिस्टरमध्ये सही केली.

चाळीस वर्षं मी विद्यार्थ्यांना खूप काही शिकवलं, त्यातलं बरंचसं आता बदललं आहे. एक गोष्ट बदललेली नाही. चिठ्ठी बरणीच्या आत टाकायची, आणि पेन्सिलने लिहायची. शाई स्पिरिटमध्ये उतरते. पेन्सिल राहते.